बांधाला हात

"तुझ्या आजोबांचं वाचलं. वाईट वाटलं," काउंटरमागची बाई म्हणाली, आणि नमिता "थँक यू" म्हणून मोकळी झाली.

तोंडातून गेलं ते गेलंच. बाईने फोल्डर पुढे सरकवला, खोलीची किल्ली दिली, गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. नमिताने सही केली. सगळं कसं रीतसर चाललेलं. तेवढ्यात पिशवीतला फोन थरथरला, आणि तो कुणाचा हे बघायची तिला गरज नव्हती. इथे सकाळचे नऊ, म्हणजे तळवलीत साडेबारा. आजा जेवायला बसायच्या आधी व्हॉइस मेसेज पाठवतो. बटण दाबून धरायचं हे तिनेच त्याला शिकवलेलं, पण सोडायचं तो विसरतो. त्यामुळे पहिलं वाक्य त्याचं, आणि पुढचा मिनिटभर ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे हॉर्न, आईची भांडी, वरच्या भाडेकरूची स्कूटर असं सगळं घरच येतं. बाहेरच्या लांब व्हरांड्यात जाऊन तिने फोन कानाला लावला. "पोचलीस काय गो? जेवलीस काय? त्यांचा बांध दावला काय तुला?" मग खोकला. मग हॉर्न. ज्या माणसाबद्दल आत्ताच तिचं सांत्वन झालं होतं तो माणूस तिच्या कानात खोकत होता, आणि तिने तो खोकला शेवटपर्यंत ऐकला, कारण गेले सात महिने तिला तीच सवय लागली होती.

आता खरं तर तिने आनंदात असायला हवं होतं. समुद्र अडवायचं शास्त्र शिकायचं तर हॉलंडातल्या या विद्यापीठात, हे ती खारघरच्या कॉलेजात असल्यापासून ऐकत आलेली. आठ आठवड्यांचा कोर्स, अख्ख्या जगातून अठरा जण, त्यातून एकाचाच सगळा खर्च विद्यापीठ करणार, आणि तो एक म्हणजे तळवलीच्या रूपेश मढवींची मुलगी. रूपेशने, म्हणजे तिच्या बापाने, गावाच्या कमानीपाशी बॅनर लावला होता. मधोमध नमिता, पदवीच्या टोपीत. खाली बाप, दोन काका, सोसायटीचे चेअरमन. आणि अगदी वर, कोपऱ्यात, गोल चौकटीत आजा. आजाने कमानीखाली उभं राहून बॅनर निरखून पाहिला आणि विचारलं, "मना वर कशाला घातलाय? वर तर मेलेल्यांना घालतात." सगळे हसले. नमिता हसली नाही. तिला वाटलं, म्हातारा बघता बघता बोट नेमकं तिथेच ठेवतो. व्हरांड्यातल्या भिंतीवर दोनशे वर्षांचे मास्तर ओळीने तसबिरीत बसले होते, आणि फोल्डरमधल्या पुस्तिकेत सातव्या पानावर तिचा फोटो होता. फोटोखाली तिच्या निबंधातलं एक वाक्य तिरप्या अक्षरात छापलेलं होतं. ज्या वर्षी आमच्या गावचं शेवटचं मिठागर बुजवलं, त्याच वर्षी माझे आजोबा वामन मढवी गेले, आणि त्यांच्याबरोबर बांधाचं ज्ञानही गेलं.

ते वाक्य तिचं नव्हतं. हे ती स्वतःला किती वेळा सांगून चुकली होती. वाशीला परदेशी शिक्षणाचे फॉर्म भरून देणारं एक ऑफिस होतं, तिथे निशांत नावाचा मुलगा निबंध तपासायचा. हुशार, बोलायला गोड, हातात सतत कोल्ड कॉफी. त्याने तिचा निबंध वाचला आणि मान हलवली. "मस्त आहे यार, पण पंच नाही. आजोबा आहेत का?" ती म्हणाली, आहेत. "अच्छा," तो म्हणाला, आणि तिला खरंच असं वाटलं की आजोबा असण्याबद्दल आपणच माफी मागावी. "ऑफेन्स घेऊ नकोस हां. पण ज्ञान हरवलं पाहिजे ना. ते असतील तर तू तिकडे कशाला चाललीस? त्यांनाच विचार की." निशांतने ते वाक्य टाइप करून स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. हेच तर तिला खुपत होतं. वाक्य दुसऱ्याने घातलं हे ठीक, पण रडली ती. जिवंत माणसावर, जो त्या वेळी घरी जिन्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सुकट निवडत असणार त्याच्यावर, ती वाशीच्या एसीत बसून मनापासून रडली, आणि रडून झाल्यावर वाक्य तसंच ठेवलं. कारण ते वाचायला सुंदर होतं. घरी गेली तेव्हा आजाने सुकटातला सगळ्यात मोठा सोडा, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, तिच्यासाठी बाजूला ठेवला होता.

त्याच्या आधीचे तीन रविवार ती त्याच्यासमोर फोन धरून बसली होती. चार मजली घर, वरचे तिन्ही मजले भाड्याने, जिन्याखाली आजाची खुर्ची. भाडेकरू पोरं येता-जाता "काय काका" म्हणत, ह्यापलीकडे गेल्या कित्येक वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. बापाला तो विषयच नको असायचा. जमिनी गेल्या, प्लॉट आले, बिल्डिंग झाली, आता त्या चिखलात काय ठेवलंय. त्यामुळे नात विचारते म्हटल्यावर आजाने रेकॉर्डिंगसाठी तोंड धुतलं, टोपी घातली. खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी कशी असते, उधाणाला बांध कसा राखायचा, खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर तो भांगाच्या दिवसांतच का बुजवायचा, जेव्हा भरतीला जोर नसतो. खांड पडली की गावातल्या घराघरातून एक माणूस निघायचा, चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे, आणि शेवटचा गोळा वामन लावायचा. त्याचा हात बसला की पाणी थांबायचं, असं म्हणत. फक्त एका वर्षी नाही. त्या वर्षी त्याची आई गेली आणि तिसऱ्या दिवशी खांड पडली. घरात मयत झालं की तेरा दिवस बांधाला हात लावायचा नाही, ही गावची रीत. सगळं गाव चिखलात उतरलं आणि वामन बांधापासून वीस पावलांवर हात मागे धरून उभा राहिला. कुणाच्या हाताने ती खांड आवरली नाही. त्याच्याच शेतात पाणी शिरलं. "मंग तुमी काय केलंत?" नमिताने विचारलं होतं. "काय करनार? पानी बगत व्हतो," आजा म्हणाला, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. ती गोष्ट तिने निबंधात लिहिली होती. निशांतने ती उडवली. "ते सुतक-बितक काढ. अंधश्रद्धा वाटेल."

फॉर्म गेला फेब्रुवारीत. तेव्हापासून तिच्या मनात एक भीती घर करून बसली. आजाला शिंक आली तरी ती हातातलं टाकून जिन्याखाली धावायची. एप्रिलमध्ये त्याला दोन दिवस ताप होता, तर ती रजा टाकून उशाशी बसून राहिली. आई शेजारणींना सांगत होती, बघा कशी माया आहे. माया कसली डोंबलाची. आपण लिहिलं आणि ते खरं झालं तर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, दुसरा एक विचार होता, ज्याच्याकडे ती पाहायलाही तयार नव्हती. तो खरंच गेला तर लिहिलेलं खोटं राहणार नाही. त्या विचाराची तिला इतकी शरम वाटायची की तो आला की ती उठून आजाला चहा करून द्यायची. त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याने फार चहा प्याला.

साडेदहाला सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. अठरा खुर्च्या गोलात मांडलेल्या. कोर्स चालवणाऱ्या मारिके बाई साठीच्या, उंच, केस पुरुषासारखे कापलेले. खोलीच्या कोपऱ्यात त्यांचे चिखलाचे गमबूट तसेच पडलेले. नमिताला त्या पाहताक्षणी आवडल्या, आणि म्हणून अजूनच वाईट वाटलं. बाईंनी फार भाषण केलं नाही. दुपारी तीनला बांधावर जायचं, तिथे प्रत्येकाने आपल्या हाताने मातीचा एक गोळा बांधाला लावायचा, त्याशिवाय इथे कुणाचाही पहिला तास होत नाही, ही आमची जुनी पद्धत, असं त्या म्हणाल्या. हे ऐकून नमिताने हात मांडीखाली घेतले. मग बाई एकेकाशी बोलत तिच्यापाशी आल्या. "तुझा निबंध मी दोनदा वाचला. समितीत मीच भांडले तुझ्यासाठी. एक सांग. तू लिहिलंयस की बांध कुठे फुटणार हे तुझ्या आजोबांना आधीच कळायचं. कसं कळायचं? ते नाही लिहिलंस तू." नमिता म्हणाली, "मला माहीत नाही." तीन रविवारांत हे विचारायचं राहूनच गेलं होतं. "अरेरे," बाई म्हणाल्या. "आम्ही त्यासाठी यंत्रं पुरून ठेवतो, तरी चुकतो. ते हयात असते तर मी स्वतः तुमच्या गावी आले असते." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. काउंटरवर सही केलेला कागद फोल्डरमध्ये होता. त्यात लिहिलं होतं, अर्जातली सर्व माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास जागा रद्द.

जेवणाच्या सुट्टीत ती इमारतीमागच्या कालव्याकाठी गेली आणि फोन लावला. एकदा वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही. तळवलीत चार वाजले होते, ही त्याची खुर्चीत बसायची वेळ. कालव्यात बदकं पोहत होती. ती उगाचच मोठ्याने म्हणाली, "उचला ना." तिसऱ्यांदा उचलला.

"संडासला गेल्तो," आजा म्हणाला. "बोल गो."

ती गवतातच बसली. इकडच्या तिकडच्या गोष्टी करायला तिला जमेना. तिने सरळ विचारलं, "आजा, बांध कुठं फुटनार हे तुमाला आधी कसं कलायचं?" घरच्यांशी बोलताना तिची जीभ आपोआप घरची होई.

"का, तुझ्या मास्तरीन बाईला ठाव नाय?"

"नाय."

आजा खूश झाला. ते तिला एवढ्या लांबून ऐकू आलं. "अनवानी चालायचं. आतल्या अंगानं, बांधाच्या पायथ्याशी. भर दुपारी, उनाचं. चिखल तापल्याला असतो. चालता चालता पायाला जिथं गार लागंल, तिथं पानी आत आलंय समज. वरून काय दिसत नाय. पायाला कलतं." मग तो म्हणाला, "सांग त्यांना. म्हनावं माझ्या आज्यानं सांगितलं. नाव सांगशील ना माझं?"

तिथे ती अडली. हो म्हणून फोन ठेवणं सोपं होतं, आणि सात महिने तिने सोपं तेच केलं होतं. पण त्याने नाव सांगशील ना असं विचारलं, आणि ते त्यांच्याकडे आधीच छापलेलं होतं.

"आजा," ती म्हणाली, "मी फॉर्मात लिवलंय की तुमी मेलात."

पलीकडे रस्त्याचा आवाज येत राहिला. कुणी तरी वरून "काका, पाणी आलं का?" असं विचारलं.

"कंदी?" त्याने विचारलं.

"काय कंदी?"

"कंदी मेलो मी?"

"नऊ वरसं झाली. मिठागर बुजवलं त्या साली."

"हां." परत रस्ता. "तुझ्या आयला बोलू नको. तिला वाईट वाटंल." तिला रडू आलं, पण त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिने तोंडावर हात दाबून धरला. मग आजा म्हणाला, अगदी साध्या आवाजात, जसं तो जेवलीस काय विचारतो तसं, "तर मंग तुला सुतक हाय. बांधाला हात लावू नको." आणि फोन बंद झाला. तो त्याने ठेवला की चुकून बोट लागलं, हे तिला कळलं नाही. तो रागावला होता, की थट्टा करत होता, की दुसरं काही सुचलं नाही म्हणून गावची रीत सांगून मोकळा झाला, हेही कळलं नाही. तिने परत फोन लावला नाही. तिची हिंमत झाली नाही.

तीनला बस निघाली. सपाट हिरवी जमीन, मधून मधून गाई, आणि मग एकदम उंच गवताचा बांध, तळवलीच्या बांधाच्या दसपट. वर चढल्यावर समोर समुद्र आणि मागे, समुद्राहून खाली, गावं. तिच्या मनात आलं, आजा इथे असता तर समुद्राकडे पाठ करून उभा राहिला असता आणि आतल्या पायथ्याकडे बघत बसला असता. बांधाच्या उतारावर एक चौकोन मुद्दाम उघडा ठेवला होता. शेजारी बादलीत मातीचे अठरा गोळे, मोजून आणलेले. एकेक जण पुढे जाई, गोळा उचली, थापटी, बाकीचे टाळ्या वाजवत. ब्राझीलच्या मुलाने त्यावर आपल्या तळव्याचा ठसा उमटवला. सगळे हसले. नमिता सगळ्यात मागे उभी होती, आणि तिचे हात मागे बांधलेले होते. ते तिने मुद्दाम केलं नव्हतं. ते लक्षात आल्यावर मात्र तिने ते तसेच ठेवले.

मारिके बाईंनी तिचं नाव घेतलं. गोळा उचलून तिच्यासमोर धरला. "घे."

"मला नाही घेता येत," नमिता म्हणाली. "आमच्या गावात घरात कुणी वारलं की तेरा दिवस बांधाला हात लावत नाहीत."

बाईंचा चेहरा मवाळ झाला. "पण त्यांना जाऊन तर नऊ वर्षं झाली ना? की दुसरं कुणी?"

वाट मोकळीच होती. एखादी आत्या, लांबचा काका. एकाला घालवलंच आहे, दुसऱ्याला घालवायला कितीसा वेळ लागणार. बाईंनी तर अर्धं वाक्य तिच्या हातात आणून दिलं होतं. वारा कानात घोंगावत होता आणि सतरा जण थांबले होते.

"कुणीच वारलं नाही," ती म्हणाली. "माझे आजोबा जिवंत आहेत. मघाशी साडेबाराला माझ्याशी बोलले. मी खोटं लिहिलं, आणि सकाळी त्यावर सहीही केली."

बाईंनी हातातला गोळा बादलीत परत ठेवला. हात पॅंटला पुसले. "हे आत्ता का सांगतेस?"

"तुम्ही बांधाला हात लावायला सांगितलंत म्हणून." याहून बरं कारण तिच्यापाशी नव्हतं.

"उद्या दहाला ऑफिसात ये. काय ते समिती ठरवेल. मी तुझ्या बाजूने बोलेन असं धरून चालू नकोस," बाई म्हणाल्या, आणि वळून इतरांना बांधाच्या उतारांबद्दल सांगू लागल्या. आवाज जरा जास्तच मोठा होता. मुलं त्यांच्यामागे गेली. जाताना कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी लगेच नजर काढून घेतली. उद्या बाप फोन करील, बॅनर अजून कमानीवर असेल, आणि त्याला काय सांगायचं याचं एकही वाक्य तिला सुचत नव्हतं. एवढं खरं बोलल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

फोन थरथरला. व्हॉइस मेसेज. तिने तो कानाशी घट्ट धरला, वाऱ्यात नीट ऐकू येईना म्हणून दुसरा कान बोटाने बंद केला.

"ऐकतीस काय? मी इचार केला. नऊ वरसांचं मयत, आनि बातमी आज आली. तेला तेरा दिस लागत नाय. तेचं सुतक एका आंघोलीनं फिटतं. माझ्या आयचा भाव ममईला मेल्ता, ती बातमी लय उशिरा आली, तवा आमी तसंच केल्तं." खोकला. "तर तू तिथं लांब, तुला कोन सांगनार. म्हनून तुझ्या वाटची मी केली आंघोल. डोक्यावरून. तुझी आय वरडली, सांजच्याला कशाला म्हनून. तिला काय बोललो नाय. फिटलं आता. लाव हात." मग बटण सोडायचं राहिलंच. पंखा फिरत होता, आई दुरून म्हणत होती, डोकं पुसा नीट, पडसं होईल.

मेसेज संपेपर्यंत ती उभी राहिली. मग तिने बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी उतारावरून खाली चौकोनापाशी आली. बादलीत एकच गोळा उरला होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, सतरा जणांच्या मातीत मोकळी राहिलेली जागा शोधली आणि आजा सांगायचा तसा तळव्याच्या बुंध्याने जोर देऊन बसवला. वरून मारिके बाई बघत होत्या. माती गार होती.